गृहस्थाची दिनचर्या : दोलन आणि शमन

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या दारी मोटार आहे त्यांनी तिच्या मागील चाकांजवळ वाकून कधी पाहिले आहे काय? आम्ही तरी गेल्या वैशाखापर्यंत पाहिले नव्हते. पाटीवर व पोथीवर आयुष्य गेलेल्या मनुष्याने गाडीखाली काय पाहावे, अशीच आमची समजूत होती. परंतु प्रसंग असा आला की, व्याकरण शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याला अंगणात उकिडवे बसून बॅटरी धरावी लागली. आणि त्या दोन दिवसांत पुष्कळ वर्षे राहून गेलेला एक धडा पदरात पडला. तो वाचकांपुढे ठेवतो.

आमचे थोरले बंधू धुळ्यास असतात. वडील लवकर गेले. त्यामुळे आमच्या मुंजीपासून पहिल्या नोकरीपर्यंत सर्व काही दादांनीच केले. त्यांना वयाची ऐंशी वर्षे पूर्ण होऊन वर काही महिने लोटले, म्हणून सहस्रचंद्रदर्शनाचा विधी जळगावच्या आमच्या वाड्यात करावा असे सर्वांच्या मते ठरले. अडचण एकच होती. दादांच्या पाठीच्या मणक्याला मागील वर्षी बारीकशी चीर गेली होती. ती भरून आली होती. तथापि वैद्यांनी बजावून सांगितले होते की, प्रवासास हरकत नाही, पण हादरे बसता कामा नयेत.

आता धुळ्याहून जळगावास आगगाडीने यावयाचे तर चाळीसगावावरून वळसा आणि तेथे गाडी बदलणे आले. मोटारीने यावे तर मुकटी, पारोळे, एरंडोल, पाळधी असा सुमारे नव्वद किलोमीटरांचा रस्ता. जुन्या पिढीच्या तोंडी हा अजून 'सहा नंबर'च आहे. सरकारदरबारी त्याचा क्रमांक आता त्रेपन्न. तापीच्या खोऱ्यातील आमची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आटून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर फुगतो आणि बसतो. त्यामुळे खान्देशातील रस्त्यांना खड्डे तर असतातच, पण त्याहून त्रासदायक म्हणजे लाटा असतात. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही, ती पाठीलाच कळते.

आमची गाडी मारुतीची ओम्नी. ही गाडी १९८४ सालापासून २०१९ सालापर्यंत निघत होती, आणि एकत्र कुटुंबाला तिच्यासारखी सोयीची गाडी दुसरी मिळाली नाही, हे अनेक वाचक मान्य करतील. तिच्या मागच्या आसनावर बसून आमच्या वहिनी माघ महिन्यात एकदा जळगावास आल्या, तेव्हा उतरताच म्हणाल्या, "भावजी, तुमची गाडी खड्डा ओलांडल्यावरही तीनदा नाचते हो!" आम्ही ते हसण्यावारी नेले होते. दादांना आणावयाचे ठरल्यावर मात्र ते वाक्य रात्री झोप येऊ देईना.

शहरातील एका दुकानी चौकशी केली. त्यांनी गाडीखाली न पाहताच चारही शॉक, मागील पाटे आणि आणखी कायकाय बदलावे लागेल म्हणून भलामोठा आकडा सांगितला. घरी येऊन आम्ही तो आकडा बोलून दाखविला, तेव्हा आमचा पुतण्या कोपऱ्यातून म्हणाला, "अण्णा, आधी बघू तरी काय बिघडलंय ते."

या पुतण्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. हा आमच्या धाकट्या भावाचा मुलगा. दहावीला संस्कृतात नापास झाला, आणि पुढे आम्ही कितीही समजाविले तरी आय. टी. आय. मध्ये जाऊन मोटारदुरुस्तीचे शिक्षण घेऊन बसला. ज्या घरात तीन पिढ्या अध्यापक झाले, त्या घरात हे व्हावे याचे आम्हाला वैषम्य वाटले. एका दिवाळीत भाऊबंद जमले असता, "याच्या हातून काही व्हावयाचे नाही," असे आम्ही सर्वांसमक्ष बोलून गेलो. तो काही बोलला नाही. परंतु त्यानंतर आमच्यासमोर येऊन बसणे त्याने सोडले.

असो. त्याने गाडीची परीक्षा कशी केली ते पाहा. ती कोणाही गृहस्थास करता येईल. मागील एका कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून त्याने गाडी जोराने खाली दाबली आणि सोडून दिली. ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. "शॉक चांगला असता तर एकदा वर येऊन बसायला पाहिजे होती," तो म्हणाला. मग खाली वाकून त्याने बोट फिरविले, ते तेलाने काळे झाले. टायरावरून तळहात फिरविला, तर रबर एकसारखे न झिजता जागोजाग चट्टे पडून झिजलेले होते. पाटे मात्र शाबूत होते. एकही पान तुटलेले नव्हते. तेव्हा बदलावयाचे ते मागील दोन शॉक, एवढेच. ते जोडीनेच बदलावे लागतात. एक नवा व एक जुना ठेवल्यास गाडी वळणावर एकीकडे वेगळी व दुसरीकडे वेगळी वागते.

येथे शब्दांविषयी थोडे बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. ज्या धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे मराठी धातूंचा माग काढीत राहिले व १९२६ साली तेथेच निवर्तले, त्या धुळ्याशी आमचे नाते आहे. इंग्रजीतील 'शॉक ॲब्सॉर्बर' याचा अर्थ धक्का शोषून घेणारा. पण वास्तविक धक्का शोषण्याचे काम हा करीतच नाही! ते काम पाट्याचे अथवा स्प्रिंगचे. चाक उंचवट्यावर चढले की पाटा वाकतो आणि धक्क्याची शक्ती आपल्यात साठवून ठेवतो. परंतु साठविलेले परत केल्यावाचून त्याला चैन पडत नाही. तो उसळतो, पुन्हा वाकतो, पुन्हा उसळतो. मोकळी सोडल्यास मोटार सेकंदाला साधारण एक ते दीड वेळ अशी झुलत राहते. हे झुलणे थांबविणारा जो, तो शॉक. त्याच्या नळीत तेल भरलेले असते व तेलात दट्ट्या असतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. गाडी झुलू लागली की दट्ट्याला त्या छिद्रांतून तेल ढकलावे लागते. त्यात झुलण्याची शक्ती खर्ची पडते व तिची उष्णता होते. लांब प्रवासानंतर शॉकला हात लावून पाहावा, तो कोमट लागतो. ती पाठीला न बसलेल्या हिसक्यांची ऊब होय. म्हणून विलायतेत याला 'डँपर' म्हणतात ते अधिक यथार्थ आहे. आमच्या मते 'शम्' धातूवरून याला 'दोलनशामक' म्हणावे. आम्ही हे पुतण्यास सांगितले. तो म्हणाला, "बरोबर आहे अण्णा, पण दुकानात शॉकच मागू." तेव्हा या लेखातही शॉकच म्हणतो.

मोटारीच्या आरंभीच्या काळात हे काम घर्षणाने करीत. फ्रान्सात त्रुफो नामक गृहस्थाने चकत्या एकमेकींवर घासण्याची युक्ती काढली व ती अमेरिकेत हार्टफोर्डने पसरविली. तेलाची युक्ती पुढे सर्वमान्य झाली. आपल्या देशात गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ सालापासून शॉक बनविते, आणि तिचा एक कारखाना आपल्या नाशिकासही आहे. असे शॉक गाडीच्या मूळ कंपनीच्या वेष्टनात नसले तरी बनावट खात्रीची असते. मात्र नकली माल पुष्कळ; म्हणून पावतीवाचून घेऊ नये, आणि आपल्या गाडीच्या नमुन्याचाच घ्यावा. 'जास्त कडक द्या' असे म्हणू नये. कडक शॉक ओझ्याच्या गाडीला ठीक. वृद्धाच्या पाठीला तो नवाच शत्रू.

शॉक आणले. आदल्या संध्याकाळी पुतण्याने तारेच्या ब्रशाने जुन्या नटांवरील माती व गंज खरवडून त्यांवर गंज सोडविणारे तेल सोडून ठेवले. "रात्रभर मुरू दे," म्हणाला. सकाळी उन्हे तापण्यापूर्वी त्याने गाडी अंगणातील शहाबादी फरश्यांवर घेतली आणि पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावले. आम्ही म्हटले, "हातब्रेक ओढला आहे, गाडी गिअरमध्ये आहे, मग दगड कशाला?" त्यावर तो जे बोलला ते प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावे. या गाडीत हातब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि इंजिनाची शक्तीही मागच्याच चाकांना मिळते. मागची चाके उचलली की ब्रेक व गिअर दोन्ही अधांतरी राहतात. मग गाडीला धरून ठेवणारे जगात दुसरे काही नाही, हे दगडच काय ते!

त्याने मागील चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल केले, आणि गाडी टेकविण्याच्या लोखंडी घोड्या आणावयास तो शेजारच्या आळीतील मित्राकडे निघाला. "मी येईपर्यंत हात लावू नका अण्णा," असे सांगूनही गेला.

आता आमचा मूर्खपणा सांगतो. पाव तास झाला, ऊन वर आले, तो परत येईना. आम्हाला वाटले, एवढ्याशा कामाला घोड्या कशाला? पंक्चर झाले असता आपण रस्त्यात जॅकवर चाक बदलतोच की! तेवढाच मुलाचा वेळ वाचेल, अशा सद्भावनेने आम्ही जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढून भिंतीशी ठेवले. खालचा नट सैल झाला आहे काय ते पाहावे म्हणून गुडघे टेकून हात आत घातला. तोच दारातून आवाज आला, "अण्णा, हात काढा बाहेर!"

या घरात आमच्याशी त्या स्वरात कोणी बोलत नाही. आम्ही संतापून हात काढला आणि त्याला सुनावण्यासाठी वळलो. तोंडातून शब्द फुटण्यापूर्वी पाठीमागे कड्‌कन् आवाज झाला. जॅकखालची फरशी मधोमध फुटली, जॅक कलंडला, आणि गाडी खाली येऊन चाकाच्या जागचा ब्रेकचा ड्रम फरशीवर आदळला. जेथे क्षणापूर्वी आमचे मनगट होते, तेथे.

फरशी का फुटली? तीच काळी माती. वैशाखात ती आटली, तिला भेग गेली, आणि फरशीखाली पोकळी झाली. वरून काही दिसत नव्हते. पुढच्या चाकांना दगड होते म्हणून गाडी हलली नाही, जागीच बसली. नाहीतर ती आमच्या अंगावर आली असती. पंक्चरच्या वेळी जॅक पुरतो, कारण तेव्हा शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जात नाही. जॅक हा उचलण्याकरिता आहे, धरून ठेवण्याकरिता नाही. हा भेद, ज्याने आयुष्यभर समानार्थी शब्दांतील भेद शिकविले, त्याला साठी उलटल्यावर कळला.

पुतण्या काही बोलला नाही. घोड्या खाली ठेवल्या, आमचा हात उलटसुलट करून पाहिला, आणि मग आतून एक जाड फळी आणून ती जॅकखाली घातली. गाडी पुन्हा उचलून त्याने सांगाड्याच्या मजबूत जागी दोन्ही बाजूंस घोड्या दिल्या, गाडी हलवून पाहिली, काढलेले चाकही आडवे करून खाली सरकविले. मग म्हणाला, "तुम्ही फक्त बॅटरी धरा." आम्ही बॅटरी धरली.

पुढचे काम वाटले त्यापेक्षा सोपे निघाले. मागील आसाखाली त्याने छोटा जॅक नुसता टेकविला, म्हणजे शॉक सुटल्यावर आस खाली लोंबू नये. आमच्या गाडीला पाटे असल्यामुळे आस जागेवर राहतो. पण ज्या गाड्यांना मागे गोल स्प्रिंग असते, तेथे हा आधार न दिल्यास स्प्रिंग जागा सोडून उसळण्याचे भय असते. एका वेळी एकच बाजू सोडावी, म्हणजे दुसरी नमुन्यादाखल डोळ्यांपुढे राहते. चकत्या व रबरी बुश कोणत्या क्रमाने निघाले ते त्याने आम्हाला कागदावर काढून ठेवावयास सांगितले. तेवढे काम आमच्या शिक्षणाजोगे होते.

जुना शॉक हातात घेऊन त्याने दाबला, तर तो देवघरातील पळी पाण्यात बुडवावी तसा विनासायास आत गेला. नवा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबला व ओढला, म्हणजे आडवा पडून राहिल्याने तेलात शिरलेली हवा वर जाते. दाबताना थोडा जोर लागे, ओढताना त्याहून अधिक. "असं का रे?" आम्ही विचारले. "उचलणारा धक्का पाट्यानं घ्यायचा असतो अण्णा, पाट्याची उसळी शॉकनं धरायची असते. म्हणून परतताना जास्त घट्ट." आम्हाला ते इतके आवडले की पुन्हा एकदा सांगावयास लावले. काही शॉकमध्ये तेलासोबत दाबलेला वायूही असतो. असा शॉक, जुना झाला तरी, कधी भोसकू वा तापवू नये.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. दोन्ही टोके बसवून त्याने नट हातानेच आवळले आणि चाक चढवू लागला. आम्ही टोकले, "अर्धे काम टाकून उठू नये." तो हसला. खालच्या टोकाच्या डोळ्यात रबरी बुश असते. गाडी अधांतरी असता ते आवळले, तर रबर त्या स्थितीत धरले जाते, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचे पिळलेले राहते. मग वर्षाच्या आत फाटते. म्हणून गाडी चाकांवर उभी करावी, तिचे वजन तिच्या पायांवर येऊ द्यावे, आणि मगच कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याइतका जोर लावून शेवटचे आवळावे. आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. पोराला लोंबकळत असताना आवळू नये, त्याला आपल्या पायांवर उभे राहू द्यावे, मग घट्ट करावे. शिक्षणशास्त्राची पुस्तके आम्ही पुष्कळ वाचली होती. चौतीस वर्षे वर्गात मात्र उलटेच करीत आलो.

विधीच्या आदल्या दिवशी पुतण्याच दादांना आणावयास गेला. आम्ही बरोबर होतो. दादांना मागच्या आसनावर न बसविता पुढे चालकाशेजारी बसविले, कारण मागील आसाच्या वर बसणाऱ्याला हादरा सर्वांत अधिक. पाठीशी उशी दिली. नव्या शॉकने रस्ता नवा होत नाही, हे ध्यानात ठेवून मुलाने गाडी सावकाश हाकली. लाट आली की आधीच वेग कमी करी. गाडी उचलली जाई, आणि एकदाच बसे. पारोळ्याच्या अलीकडेच दादांचा डोळा लागला. बांभोरीशी गिरणेचा पूल लागला तेव्हा ते जागे होऊन म्हणाले, "पारोळं यायचंय का रे अजून?"

दुसऱ्या दिवशी विधी यथासांग झाला. नमस्कारांच्या वेळी सर्व भाऊबंद जमले असता आम्ही दादांना म्हणालो, "याच घरात आम्ही या मुलाविषयी एक वाक्य चारचौघांत बोललो होतो. ते चुकीचे होते. ते आज चारचौघांतच मागे घेतो." दादांनी आमच्या मनगटाकडे पाहिले, त्यांना कोणीतरी सगळी हकीकत सांगितली असावी. त्यांनी पुतण्याला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मुलगा अवघडून उभा राहिला, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाला, "अण्णा, उद्या सकाळी बॅटरी घेऊन या. पहिल्या प्रवासानंतर नट एकदा पुन्हा तपासायचे असतात."

आम्ही गेलो. एक नट अर्धा फेरा सैल निघाला.